आधी पोझिशन लहान करा, मनाचं नंतर बघू

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: काही महिन्यांपूर्वी क्रिप्टोच्या स्पॉटमध्ये, म्हणजे पूर्ण पैसे देऊन, थोडी खरेदी केली, बाजार वर होता म्हणून नफा झाला, हुरूप आला आणि तुम्ही फ्युचर्सकडे, म्हणजे नाणं प्रत्यक्ष न घेता त्याच्या भावावरच्या करारांकडे, वळलात. आता दहापट लिव्हरेजवर, म्हणजे लावलेल्या रकमेच्या दहापट मोठा ट्रेड घेता आणि प्रत्येक ट्रेडला खात्याचा साधारण तिसरा हिस्सा मार्जिन, म्हणजे तारण, म्हणून लावता. ४० टक्के भांडवल गेलं आहे. तोटा झाला की पुढचा ट्रेड आणखी मोठा होतो आणि रात्री उठून उठून मोबाइल बघायची सवय लागली आहे. तुम्ही विचारताय, मनावर ताबा कसा मिळवायचा? मी बरीच वर्षं या बाजारात आहे, नव्या लोकांना शिकवतोही, आणि हा प्रश्न जवळपास याच शब्दांत पुन्हा पुन्हा माझ्यापर्यंत येतो. म्हणून सविस्तर लिहितो.

मनाकडे वळण्याआधी एक हिशेब करू. खात्याचा तिसरा हिस्सा मार्जिन आणि त्यावर दहापट लिव्हरेज, म्हणजे तुमची पोझिशन, अर्थात उघड्या ट्रेडची एकूण रक्कम, अख्ख्या खात्याच्या तिपटीहून मोठी. बिटकॉइन दिवसभरात ३ टक्के हलणं ही अगदी मामुली गोष्ट आहे. ते ३ टक्के तुमच्या विरुद्ध गेले की खात्यातले १० टक्के गेले, तेही कसलीही मोठी बातमी नसलेल्या दिवशी. अशा पोझिशनमध्ये झोप उडत असेल तर तुमचं मन आपलं काम चोख करतंय असंच मी म्हणेन. ते तुम्हाला खरी गोष्ट सांगतंय.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं: भीती, घाई, चिडचिड यांतला बराच मोठा भाग पोझिशनच्या आकारातून येतो. ध्यान करा, श्वासाचे व्यायाम करा, त्याने भलंच होईल. पण एका दिवसात दहावा हिस्सा जाऊ शकेल अशा ट्रेडमध्ये बसून मन शांत ठेवणं कोणालाच जमत नाही, मलाही जमणार नाही. पडताळून बघायचं असेल तर आत्ताचीच पोझिशन विसाव्या हिश्श्याची आहे अशी कल्पना करा. रात्री उठला असता का? नसता, तर तुमची अडचण स्वभावात कमी आणि आकड्यात जास्त आहे. आकडा बदलणं हे स्वभाव बदलण्यापेक्षा खूपच सोपं काम आहे.

आकडा कसा ठरवायचा ते आता नीट बघू, कारण नवखे लोक नेमकी हीच गोष्ट उलटी करतात. आधी किती पैसे लावायचे ते ठरवतात, मग एन्ट्री घेतात, आणि भाव विरुद्ध जायला लागला की स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाला ट्रेडमधून आपोआप बाहेर काढणारी ऑर्डर) कुठे लावू याचा विचार सुरू होतो. क्रम याच्या उलट हवा. पहिला प्रश्न: भाव कुठे गेला म्हणजे माझा अंदाज चुकला असं मी मान्य करीन? तिथे स्टॉप. दुसरा प्रश्न: हा ट्रेड पूर्ण चुकला तर खात्याचा किती भाग जाऊ द्यायचा? नवख्यासाठी माझं उत्तर १ टक्का, आणि तुमच्या आजच्या अवस्थेत अर्धा टक्का. पोझिशनचा आकार या दोन उत्तरांमधून आपोआप निघतो.

समजा खात्यात १,००० यूएसडीटी (डॉलरशी जोडलेलं नाणं) आहेत. १ टक्का म्हणजे १०. एखादं नाणं ५० ला घ्यायचंय आणि ४६ च्या खाली गेलं तर अंदाज चुकला असं तुम्ही ठरवलंत, म्हणजे स्टॉप ८ टक्के दूर आहे. १० ला ८ टक्क्यांनी भागा, १२५ येतात. एवढीच पोझिशन. स्टॉप १६ टक्के दूर असता तर पोझिशन ६२ च्या आसपास आली असती. स्टॉप लांब गेला की पोझिशन लहान होते आणि जाऊ शकणारी रक्कम तेवढीच राहते. हा भागाकार प्रत्येक ट्रेडच्या आधी कागदावर करा, ट्रेड सुरू झाल्यावर नाही.

इथे मला हमखास विचारलं जातं, “१२५ मध्ये काय मिळणार?” थोडंच मिळणार, हे खरं आहे. पण तोट्याची साखळी काय करते ते बघा. नाणेफेकीसारखा, जिंकण्या-हरण्याची शक्यता समसमान असलेला ट्रेड शंभर वेळा घेतला, तर त्यात कुठे ना कुठे सलग सहा तोटे लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तुमची पद्धत उत्तम असेल तरीही. ४० टक्के ट्रेड जिंकून फायद्यात राहणाऱ्या पद्धतीत तर त्याहून लांब साखळ्या येतात. आता सलग दहा तोटे धरा. दर वेळी १ टक्का गेला तर खात्यातून साडेनऊ टक्क्यांच्या आसपास कमी होतात. दर वेळी १० टक्के गेले तर ६५ टक्के साफ होतात. पद्धत तीच, बाजार तोच, नशीबही तेच. पहिला माणूस पुढच्या आठवड्यात शांतपणे काम सुरू ठेवतो, दुसऱ्याला मूळ रकमेवर यायला उरलेले पैसे जवळपास तिप्पट करावे लागतात. तुमचे ४० टक्के गेलेत, म्हणजे परत जागेवर यायला ६७ टक्के नफा हवा. ५० गेले असते तर १०० टक्के, ८० गेले असते तर ४०० टक्के लागले असते. हा चढ दर पायरीला जास्त उभा होत जातो, म्हणून खोल पडायचंच नाही याची व्यवस्था आधी.

स्टॉपबद्दल थोडं. “एवढाच तोटा मला परवडतो” म्हणून एन्ट्रीपासून दीड-दोन टक्क्यांवर स्टॉप लावला जातो आणि नाण्याची रोजची हालचालच पाच-सात टक्क्यांची असते. असा स्टॉप अंदाज बरोबर असतानाही उडतो, आणि मग “स्टॉप लावला की तिथूनच भाव फिरतो” अशी तक्रार सुरू होते. स्टॉप चार्टवरच्या कारणाने लावा, परवडण्याचा प्रश्न पोझिशनच्या आकाराने सोडवा. आणि तो एक्सचेंजवर प्रत्यक्ष लावलेला हवा. मनातला स्टॉप ऐन वेळी खाली खाली सरकत जातो. स्टॉप-लिमिट ऑर्डर लावली आणि भाव झपाट्याने तुमच्या किमतीच्या खाली निघून गेला, तर ऑर्डर तशीच लटकते आणि तुम्ही आत अडकता. स्टॉप-मार्केटमध्ये बाहेर पडता, पण मिळेल त्या भावाला. १२-१३ मार्च २०२० ला बिटकॉइनची किंमत साधारण एका दिवसात जवळपास निम्मी झाली होती. अशा घसरणीत ठरवलेला १ टक्का दीड-दोन टक्के होऊ शकतो. १० टक्के लावून बसलेल्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

आणखी एक फसगत म्हणजे पाच वेगळी नाणी घेतली म्हणून जोखीम विभागली गेली असं वाटणं. बिटकॉइन जोरात पडतो तेव्हा बाकीची नाणी बहुतेक वेळा त्याच्यासोबत आणि त्याच्याहून जास्त पडतात. पाच नाण्यांत एकेक टक्का म्हणजे वाईट दिवशी एकाच ट्रेडमध्ये ५ टक्के. सगळ्या उघड्या पोझिशन मिळून ३ टक्क्यांच्या वर जोखीम जाऊ देऊ नका.

लिव्हरेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही फ्युचर्स आत्ता बंद करा. वर सांगितलेला भागाकार करून पोझिशन ठरवली तर लिव्हरेज हे फक्त कमी मार्जिन अडकवण्याचं साधन राहतं, हे मला मान्य आहे. पण नवखा माणूस ते त्यासाठी वापरत नाही, तो पोझिशन फुगवायला वापरतो. दहापट लिव्हरेजवर भाव १० टक्के विरुद्ध गेला की मार्जिन संपतं, आणि मेंटेनन्स मार्जिनमुळे (पोझिशन टिकवायला लागणारं किमान तारण) लिक्विडेशन, म्हणजे एक्सचेंजने पोझिशन जबरदस्तीने बंद करणं, त्याच्याही आधी होतं. फी संपूर्ण पोझिशनवर लागते. एका बाजूला ०.०५ टक्के धरली तर आत-बाहेर मिळून ०.१ टक्का, आणि दहापटीत तो तुमच्या मार्जिनचा १ टक्का होतो. भाव जागचा हललेलाही नसतो. त्यात फंडिंग, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या बाजूंनी एकमेकांना द्यायची रक्कम, जी बऱ्याच एक्सचेंजवर दर आठ तासांनी कापली किंवा दिली जाते. क्रॉस मार्जिन (सगळ्या पोझिशनना खात्याचं एकच सामायिक तारण) चालू असेल तर एक हट्टी पोझिशन खात्यातले बाकीचे पैसेही ओढून घेते. १० ऑक्टोबर २०२५ ला अचानक आलेल्या घसरणीत चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरच्या आसपासच्या पोझिशन लिक्विडेट झाल्या. त्यांतल्या अनेकांचा दूरचा अंदाज कदाचित बरोबरही असेल, पण तो खरा ठरेपर्यंत ते बाजारात उरलेच नाहीत.

आता भावनांकडे. आकार लहान केल्यावरही काही गोष्टी उरतात, कारण त्या माणसाच्या घडणीतच आहेत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा जास्त असते. त्यांच्या १९९२ च्या अंदाजात हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास होतं. म्हणजे जिंकलेले आणि हरलेले ट्रेड बरोबरीत असले तरी दिवसाअखेरी माणूस खिन्नच असतो, आणि ती खिन्नता घालवायला तो आणखी एक ट्रेड घेतो. वित्तशास्त्राचे अभ्यासक हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली: लोक नफ्यातला शेअर घाईने विकतात आणि तोट्यातला धरून ठेवतात. क्रिप्टोमध्ये या धरून ठेवण्याला एक प्रतिष्ठाही मिळाली आहे. चार तासांसाठी घेतलेला ट्रेड तोट्यात गेला की त्याचं “लाँग टर्म होल्ड” होतं, मग ॲव्हरेज करणं, म्हणजे पडत्या भावात आणखी घेत जाणं, सुरू होतं.

ॲव्हरेज करण्याबद्दल लूनाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. मे २०२२ च्या सुरुवातीला ते नाणं ८० डॉलरच्या आसपास होतं. त्याच्याशी जोडलेलं यूएसटी हे स्टेबलकॉइन (भाव एका डॉलरवर स्थिर राहावा असं नाणं) एका डॉलरवरून घसरलं आणि लूना काही दिवसांत ८ डॉलरच्या खाली आलं. ९० टक्के स्वस्त मिळतंय म्हणून तिथे घेणारे पुष्कळ होते. आठवडा संपेपर्यंत भाव सेंटच्याही अगदी क्षुल्लक अंशावर पोचला, म्हणजे “स्वस्तात” घेतलेल्यांचेही जवळपास सगळे पैसे गेले. तुमची खरेदी किंमत काय होती हे बाजाराला माहीत नसतं, त्यामुळे भावाला तिथे परत यायचं काही कारणही नसतं. आधीच लिहून ठेवलेल्या योजनेत टप्प्याटप्प्याने खरेदी असेल आणि सगळे टप्पे मिळून जोखीम १ टक्क्याच्या आत असेल, तर हरकत नाही. तोट्यात गेल्यावर सुचलेलं ॲव्हरेज टाळाच.

तुमचा मुख्य आजार मात्र सूड घेण्याचा आहे: तोटा झाला की पुढचा ट्रेड दुप्पट. त्यामागे “खातं आजच्या आज परत तिथे आणायचं” हा एकच विचार असतो, चार्टवर संधी आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. या क्षणी मनाशी केलेले निश्चय टिकत नाहीत, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की मी कोणाला निश्चय करायला सांगतच नाही. मी अडथळे उभे करायला सांगतो. एक, ट्रेडिंगसाठी लागतं तेवढंच भांडवल एक्सचेंजच्या ट्रेडिंग खात्यात ठेवा आणि बाकीचं अशा ठिकाणी हलवा जिथून परत आणायला वेळ लागेल. खात्यात नसलेले पैसे रागाच्या भरात लावता येत नाहीत. दोन, दिवसाची मर्यादा. सलग दोन स्टॉप उडाले किंवा दिवसात २ टक्के गेले की काम संपलं, लॉग आउट, पुढचे चोवीस तास ॲप उघडायचं नाही. तीन, ॲप मोबाइलवरून काढून टाका आणि ट्रेड फक्त लॅपटॉपवरून, बसून, कागद समोर ठेवून घ्या. भावाचे अलर्ट लावा म्हणजे स्क्रीनकडे बघत बसायची गरज राहणार नाही.

दुसऱ्या अडथळ्याचं महत्त्व क्रिप्टोमध्ये विशेष आहे. शेअर बाजार दुपारी बंद होतो आणि इच्छा असो-नसो, माणूस घरी जातो. हा बाजार रात्री, शनिवार-रविवारी, सणावारी चालूच असतो, आणि घसरण थांबवणारं सर्किट ब्रेकरही बहुतेक ठिकाणी नसतं. बंद होण्याची वेळ तुम्हालाच ठरवावी लागते. दिवसातले ठरावीक दोन तास हे तुमचे बाजाराचे तास. रात्री पोझिशन उघडी ठेवायची असेल तर स्टॉप लावून, आणि स्टॉप उडाला तर उडाला, सकाळी कळेल. हे मान्य होत नसेल तर पोझिशन अजूनही मोठी आहे.

भीतीपेक्षा मला नवख्यांच्या आनंदाची जास्त धास्ती वाटते. चढत्या बाजारात जवळपास प्रत्येक खरेदी बरोबर ठरते, आणि माणसाला वाटतं आपल्याला समजायला लागलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या जवळ होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो १६,००० च्या खाली गेला होता. पहिल्या टप्प्यात कमावलेला आत्मविश्वास दुसऱ्या टप्प्यात अनेकांच्या खात्यावर उलटला. म्हणून सलग चार ट्रेड जिंकलात तरी टक्केवारी वाढवायची नाही. वाढवायचीच तर महिन्यातून एकदा, वही समोर ठेवून, ट्रेड चालू नसताना.

फोमोसाठी, म्हणजे संधी हुकेल या भीतीसाठी, एकच नियम पुरतो: काल रात्री केलेल्या यादीत जे नाणं नव्हतं ते आज घ्यायचं नाही, मग ते कितीही वर जात असो. टेलिग्राम ग्रुपवरच्या टिपांबद्दल इतकंच सांगतो की कमी उलाढालीच्या नाण्याची टीप तुमच्यापर्यंत पोचते तेव्हा सांगणाऱ्याची खरेदी झालेली असते आणि त्याला विकायला गिऱ्हाईक हवं असतं. ऑर्डर बुक (लागलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी) उघडून बघा, भावाच्या खाली खरेदीदार किती आहेत. पातळ ऑर्डर बुकमध्ये तुमचा स्टॉप कागदावरच राहतो.

वहीबद्दल बोललो, तर ती कशी लिहायची तेही सांगतो. ट्रेडच्या आधी: काय दिसलं म्हणून घेतोय, स्टॉप, टार्गेट, पोझिशनचा भागाकार, आणि त्या क्षणी मन कसं आहे ते एका शब्दात. घाई, कंटाळा, राग, शांत, काहीही. ट्रेड संपल्यावर: योजनेप्रमाणे वागलो का, हो किंवा नाही. नफा-तोटा त्याच्या नंतरच्या रकान्यात. हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. नियम मोडून मिळालेला नफा ही वाईट नोंद आहे, आणि नियम पाळून झालेला तोटा ही चांगली. तीस-चाळीस ट्रेड झाले की “योजनेप्रमाणे” आणि “योजना सोडून” अशी दोन वेगळी बेरीज करा. मी आजवर पाहिलेल्या नवख्यांच्या वह्यांमध्ये बहुतेक वेळा मोठा तोटा दुसऱ्या बेरजेत, आणि तोही मोजक्या ट्रेडमध्ये साठलेला असतो. पहिली बेरीज किंचित वर किंवा किंचित खाली असते. ती किंचित खाली असेल तर पद्धत सुधारता येते. ४० टक्के ट्रेड जिंकले आणि जिंकल्यावर जोखमीच्या दुप्पट मिळालं, तर दर ट्रेडमागे सरासरी जोखमीच्या एक पंचमांश शिल्लक राहते, फी कापायच्या आधी. एवढ्यावर काम चालतं. पण ते चालतंय हे कळायला पुरेसे ट्रेड व्हावे लागतात आणि तोपर्यंत खातं जिवंत असावं लागतं.

पुरेसे ट्रेड म्हणजे दिवसाला वीस असा अर्थ काढू नका. वित्तशास्त्राचे अभ्यासक ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ मधली शेअर खाती तपासली होती. सर्वांत जास्त ट्रेडिंग करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले. तो शेअर बाजार होता, पण वारंवार खरेदी-विक्री आणि तिचा खर्च या गोष्टी इथेही तशाच लागू होतात.

स्टॉप लॉस ज्यापासून वाचवू शकत नाही अशीही जोखीम आहे. २०१४ मध्ये माउंट गॉक्स आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही एक्सचेंजं बुडाली, तेव्हा ग्राहकांचे ट्रेड बरोबर होते की चूक याला काही अर्थ उरला नाही. जास्तीची रक्कम एक्सचेंजवर ठेवू नका, लहान रक्कम काढून बघून पैसे बाहेर कसे पडतात ते शिकून घ्या, सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवायचे गुप्त शब्द) कागदावर लिहा आणि कोणालाही, “सपोर्ट टीम” म्हणवणाऱ्यालाही, सांगू नका.

उसने पैसे, कर्जाचे पैसे, घरखर्चाचे पैसे यांतलं काही या खात्यात असेल तर ते आजच काढा. तोटा भरून यायची वाट बघू नका. आणि तुम्ही लिहिलं नसलं तरी विचारतो: हा तोटा घरच्यांपासून लपवलाय का? ट्रेड नसेल तेव्हा अस्वस्थ वाटतं का, हात आपोआप मोबाइलकडे जातो का? यांतल्या एकाचंही उत्तर हो असेल तर वरचे सगळे भागाकार बाजूला ठेवा, घरात कोणाशी तरी स्पष्ट बोला आणि समुपदेशकाला भेटा. जुगाराच्या सवयीवर उपचार होतात, आणि त्यासाठी मदत मागण्यात काहीही कमीपणा नाही.

तसं नसेल, तर आज उघड्या फ्युचर्स पोझिशन बंद करा. उरलेल्या ६० टक्क्यांपैकी बहुतेक रक्कम बाहेर हलवा. दोन आठवडे एकही ट्रेड नाही, फक्त रोज यादी करा आणि कागदावर एन्ट्री-स्टॉप लिहून नंतर काय झालं ते बघा. त्यानंतर फक्त स्पॉटमध्ये, ट्रेडमागे अर्धा टक्का जोखीम ठेवून, तीस ट्रेड. लवकर संपवायची घाई नाही, दोन-तीन महिने लागले तरी चालतील. मग ती वही घेऊन या. दोन्ही बेरजा समोर असतील, तर स्टॉप जवळ पडतोय, टार्गेटच्या आधी बाहेर पडताय की एन्ट्रीच चुकतेय, हे मला तुम्हाला नेमकं सांगता येईल.